काकांचं कोलेस्टेरॉल आणि काकूंची सही

"पेशंटला शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?"

हा प्रश्न मी नोकरीत इतक्या वेळा विचारला आहे की आता शेजारी कुणाला साधा ताप आला तरी माझ्या तोंडून आधी तोच निघतो. माझे यजमान म्हणतात, "अगं, तिला सर्दी झालीय, पक्षाघात नाही." पण जिभेला वळण पडलं ते पडलं. भोपाळच्या एका मोठ्या रुग्णालयात, पक्षाघाताच्या वॉर्डात मी नर्स होते आणि शेवटची काही वर्षं तिथली इन्चार्ज. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला दवाखान्यातले गमतीदार किस्से लिहायला सांगितलं आहे. गमतीदार किस्से आहेत, नाही असं नाही. पण लिहायला बसलं की एकच घर डोळ्यांसमोर येतं, आणि तिथे गंमत फारशी नाही. संपादकांनी माफ करावं.

आधी तो प्रश्न समजावून सांगते. मेंदूकडे जाणाऱ्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. हात लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, वाचा जाते. ही गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. जितकं लवकर तितकं चांगलं. उशीर झाला की गुण कमी आणि धोका जास्त. म्हणून घड्याळ सुरू कधी झालं ते कळलंच पाहिजे. आणि ते सुरू होतं माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून, घरच्यांच्या लक्षात आलं तेव्हापासून नाही.

आता हे नातेवाइकांकडून काढून घेणं म्हणजे दिव्य असतं. जुन्या शहरातले एक वयस्कर गृहस्थ आले होते. सोबत चार तरणेबांड मुलगे.

"अब्बा को आखरी बार ठीक कब देखा?"

"अरे सिस्टर, अब्बा तो बिल्कुल ठीक थे."

"हाँ, मगर कब?"

"हमेशा से ठीक थे! आप किसी से भी पूछ लो खाँ."

मी कपाळाला हात लावला. मग मागून त्यांची बायको हळूच म्हणाली, "सुबह चाय की प्याली इनके हाथ से गिरी थी. मैं समझी गुस्से में फेंकी है. इनकी आदत है." आम्हाला वेळ मिळाली. पण ती निघून गेलेली होती. त्या बाई नंतर रोज यायच्या आणि मला म्हणायच्या, एक बार पूछ लेती कि प्याली क्यों फेंकी. यावर काय बोलायचं हे कुठल्याही नर्सिंगच्या कॉलेजात शिकवत नाहीत.

खेड्यातून एकाला आणलं, तर त्याचं अर्धं अंग रक्ताने माखलेलं. आम्ही जखम शोधतोय, जखम कुठेच नाही. रक्त कबुतराचं होतं. आमच्याकडे लकवा झालेल्या अंगाला कबुतराचं रक्त चोळतात. कबूतर शोधण्यात अर्धा दिवस गेला होता. मी त्या लोकांवर अशी भडकले की डॉक्टरांनी मला बाजूला नेलं. आजही तो राग शांत झालेला नाही.

आणि मंडीदीपचा तो कामगार! सोबतच्या लोकांनी त्याला कारखान्याच्याच गाडीत घालून आणलं, डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. पण घड्याळ पाहून आले होते. इंजेक्शन गेलं. तासाभराने त्याने उजवा हात उचलला आणि वाचा फुटली ती ठेकेदाराला एक सणसणीत शिवी देण्यासाठी. सगळा वॉर्ड हसला. मी त्या दिवशी घरी जाऊन शिरा केला होता. अशा एकेका माणसावर आम्ही लोक पुढे कितीतरी दिवस काढतो.

पण इंजेक्शनला दुसरी बाजू आहे. त्या औषधाला अक्कल नसते. अडलेली गुठळी आणि कुठेतरी रक्त रोखून धरणारी चांगली गुठळी, दोन्ही त्याला सारख्याच. त्यामुळे थोड्या रुग्णांना मेंदूत रक्तस्राव होतो, आणि त्यातले काही वाचत नाहीत. डॉक्टर हे आधी सांगतात, नातेवाईक माना हलवतात आणि सही करतात. त्या घाईत कुणाच्या डोक्यात किती शिरतं देव जाणे. पुढे आमचं नर्स लोकांचं काम सुरू होतं. रक्तदाब, डोळ्यांच्या बाहुल्या, हाताची पकड, बोलणं, पुन्हा पुन्हा बघत राहायचं. पेशंट म्हणाला डोकं दुखतंय, किंवा त्याला उलटी झाली, की मेंदूत रक्त सुटलं असं धरून आम्ही डॉक्टरांकडे धावतो.

आता ते घर.

मनोहरकाका आणि मालतीकाकू आमच्या मंडळातले. काका गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. मूळ नागपूरचे, माझ्या माहेरासारखेच. माझे वडील सरकारी कचेरीबरोबर इकडे आले आणि आम्ही टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो. काकूंशी माझी ओळख मंडळातली, पण त्या मला माहेरवाशिणीसारखं वागवायच्या.

काकांचे दोन्ही थोरले भाऊ हृदयाच्या झटक्याने गेले होते, ऐन उमेदीत. काकांच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली. ती पुरेशी होती. पण काकूंनी त्यावर आपला कायदा लावला. घरातलं तूप बंद, तळण बंद, साबुदाण्याची खिचडीसुद्धा दाण्याच्या कुटाशिवाय. काका खवय्ये माणूस. गणपतीत महाप्रसादाच्या पंगतीत वाढपी तुपाचं भांडं घेऊन यायचा, काका वर बघायचे ते वाढप्याकडे नाही, समोरच्या पंगतीत बसलेल्या काकूंकडे. काकू मान हलवायच्या. काका निमूटपणे वरणभातावर आडवा हात धरायचे. अख्खी पंगत त्या क्षणाची वाट बघत असे.

"काका, आज तरी बंड करा!" कुणीतरी ओरडायचं.

"बंड करून झोपायचं कुठे?" काका म्हणायचे.

मग त्यांचा रक्ताचा रिपोर्ट आला की ते मंडळात येऊन आकडा जाहीर करायचे. परीक्षेचा निकाल सांगावा तसा. आणि पुढे न चुकता म्हणायचे, "हा आकडा माझा नाही बरं का. हा हिचा." काकू लाजून आत निघून जायच्या. मला वाटतं त्यांच्या आयुष्यात त्यांना मिळालेलं ते एकमेव जाहीर कौतुक असावं.

मी एकदा मंडळात पक्षाघातावर बोलले होते. लोक चहाची वाट बघत ऐकत होते. खरोखर ऐकलं ते फक्त काकूंनी. कारण पुढे एका सकाळी काका पेपर वाचून दाखवत असताना त्यांचा शब्द अडखळला आणि पेपर हातातून गळला, तेव्हा काकूंनी एक क्षण घालवला नाही. पाणी पाजलं नाही, मालिश केली नाही. शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली आणि थेट आमच्याकडे आल्या. मी ड्यूटीवर होते.

"पेपर वाचत होते, सुनंदा. तोपर्यंत अगदी छान होते. मग घड्याळ पाहिलं मी." आणि त्यांनी वेळ सांगितली. इतकं नेमकं उत्तर मला फार कमी लोकांनी दिलं आहे.

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. म्हणजे गुठळीच. काकांच्या हृदयाचे ठोके अनियमित होते, ते आधी कुणाला ठाऊक नव्हतं. गुठळी तिकडून सुटून मेंदूत गेली होती. कोलेस्टेरॉलचा इथे काही दोष नव्हता, ते तर कसोशीने खाली ठेवलेलं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी काकूंना शांतपणे सगळं सांगितलं. फायदा सांगितला, धोकाही सांगितला. काकूंनी पुण्याला मुलाला फोन लावला. अमितने डॉक्टरांना दोन-चार प्रश्न विचारले. मग काकूंना म्हणाला, "आई, तू तिथे आहेस. तूच ठरव." काकू एकदा काकांकडे बघून आल्या आणि त्यांनी सही केली.

इंजेक्शन लागू पडलं. काकांचा हात हलायला लागला, आणि थोड्या वेळाने ते म्हणाले, "मालती." अडखळत, पण स्पष्ट. काकूंनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. त्या म्हणाल्या, "बघ, माझ्या सगळ्या पथ्याचं चीज झालं."

दुपारी काकांनी कपाळाला हात लावला. मी विचारलं, दुखतंय का? त्यांनी हो म्हणून मान हलवली. पुढच्या मिनिटाला उलटी झाली. मी डॉक्टरांना हाक मारली, पुन्हा सीटीला नेलं. पडद्यावर मोठा पांढरा डाग होता. त्याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती. रक्तस्राव थांबवायला जे देता येतं ते दिलं, मेंदूच्या सर्जनना दाखवलं. त्यांनी स्कॅन बराच वेळ पाहिला आणि ऑपरेशनला नाही म्हणाले. काका त्यानंतर काही बोलले नाहीत. काही दिवस श्वास चालू होता, मग तोही थांबला.

मधल्या एका सकाळी त्यांच्या रक्ताचे बाकीचे रिपोर्ट आले. नव्या डॉक्टरपोराला पार्श्वभूमी माहीत नव्हती. तो कोलेस्टेरॉलचा आकडा बघून सहज म्हणाला, "क्या बात है सिस्टर, ऐसी रिपोर्ट तो हमारी भी नहीं आती." मी रिपोर्ट त्याच्या हातातून घेतला आणि फायलीला लावला. मी काही बोलले असते तर तिथेच रडले असते.

यात कुणाचंच काही चुकलं नव्हतं. हे मी वॉर्डातल्या बाईने म्हणावं यात विशेष नाही, पण मी ते सगळं पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं आहे. चुकलेलं काही सापडलं असतं तर एका परीने बरं झालं असतं.

तेराव्याच्या जेवणाला मी गेले होते. काकूंचा पुतण्या आला होता, कॉम्प्युटरमधला. हल्ली घरोघरी असा एकजण असतो, त्याच्या मोबाईलमध्ये सगळी वैद्यकी भरलेली असते. तो शेजारच्याला वाचून दाखवत होता, की रक्तातलं कोलेस्टेरॉल फार कमी असलं तर त्या इंजेक्शननंतर मेंदूत रक्तस्राव व्हायची शक्यता जास्त, असं कुठेतरी आढळलं आहे. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला फक्त माहिती होती आणि ती सांगायची होती. काकू पंगतीत कढी वाढत होत्या. त्या थांबल्या. पळी भांड्यात ठेवली.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या.

त्याला तेव्हा कळलं. तो म्हणाला, "काकू, ते काही नाही, असंच..."

"वाच म्हणते ना."

त्याने वाचलं. काकूंनी कढीचं भांडं जमिनीवर ठेवलं आणि आत निघून गेल्या.

त्याच आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाल्या, "हे खरं आहे का, एवढंच सांग. देवाची इच्छा वगैरे बाकीचे सांगतात. तू सांगू नकोस."

मी त्याआधीच आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवलं होतं, कारण मला ठाऊक होतं त्या येणार. काकूंना मी जसं ऐकलं तसं सांगितलं. कमी कोलेस्टेरॉल असलेल्यांना इंजेक्शननंतर रक्तस्राव जास्त झाला, असं काही डॉक्टरांना दिसलं आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंती मजबूत राहायला ते थोडं लागत असेल, असा एक अंदाज आहे. पण इतर काहींनी पाहिलं तर त्यांना तसं दिसलं नाही. वय असतं, रक्तदाब असतो, गुठळी केवढी, मेंदूचा किती भाग आधीच गेलेला, सगळं एकात एक मिसळलेलं असतं. म्हणून कमी कोलेस्टेरॉल आहे या कारणाने कुणी इंजेक्शन अडवत नाही, आणि गोळीही कुणी बंद करत नाही.

"म्हणजे तू नाही म्हणत नाहीस."

"नाही असं मला म्हणता येत नाही, काकू. हो असंही म्हणता येत नाही."

"घास माझा आणि सही माझी," त्या म्हणाल्या. "दोन्ही मीच."

"त्यांचे भाऊ कधी गेले आठवा. काका त्यांच्यापेक्षा कितीतरी वर्षं जास्त जगले. ती वर्षं तुमच्याच स्वयंपाकाची आहेत."

"तू मला समजावतेस की स्वतःला?"

एवढं बोलून त्या निघून गेल्या. यजमान म्हणाले, "एक 'नाही' म्हणून टाकायचं होतंस, काय बिघडलं असतं?" काही बिघडलं नसतं कदाचित. पण नातेवाइकांशी खोटं बोलायचं नाही, हा माझा हट्ट सगळ्या नोकरीत टिकला आणि तो काकूंसाठी मोडावा असं मला वाटलं नाही. बरोबर केलं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

काही दिवसांनी शेजारणीकडून कळलं की काकूंनी स्वतःच्या गोळ्या सोडल्या आहेत. रक्तदाबाचीही आणि कोलेस्टेरॉलचीही. मी तडक गेले आणि खूप बोलले. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "ती गोळी मी रोज त्यांच्या तळहातावर ठेवायचे, सुनंदा. आता स्वतःच्या तोंडात कशी टाकू?" पुढचे कित्येक महिने मी दर दोन-चार दिवसांनी जात होते. सांगायचे तेच. तुम्ही त्यांचं बरं व्हावं म्हणून केलंत, तेव्हा जेवढं कळत होतं त्यावरून केलंत, त्यात पाप कसलं? काकू भिंतीकडे बघत ऐकायच्या. मला वाटायचं, त्या गेलेल्याच आहेत, फक्त घरात वावरतायत. काका गेल्यापासून त्या एकदाही रडल्या नव्हत्या, हेही मला टोचत होतं.

यंदा गौरी जेवून गेल्यावर दुपारी त्यांचा फोन आला, ये म्हणून. गेले, तर त्या नीट साडी नेसून, केस विंचरून बसलेल्या. मला थोडं बरं वाटलं.

"मला काही झालं," त्या म्हणाल्या, "म्हणजे त्यांच्यासारखं झालं, तर मला ते इंजेक्शन द्यायचं. पण सही तू करायचीस."

"काकू, मी नात्यातली नाही. माझी सही चालायची नाही."

"मग मी आत्ताच करून ठेवते. कुठे करायची सांग."

"तसं काही नसतं हो आपल्याकडे. तुम्ही शुद्धीत असाल तर तुम्हालाच विचारतील. नसाल तर अमितला विचारतील."

"तेच तर नको आहे मला!" इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "मी जे झेलतेय ते त्या पोराने झेलायला नको. त्याने हो म्हटलं आणि मी गेले तर? आयुष्यभर त्या सहीकडे बघत बसेल. माझं काय, मी किती दिवसांची."

मग मला सुचलं. म्हटलं, "त्यालाच सांगा ना. आत्ता. तुम्ही ठरवलंय म्हणून सांगा. म्हणजे उद्या त्याने सही केली तरी निर्णय तुमचा असेल."

काकूंनी विचार केला आणि फोन लावला. त्यांना कानाला लावून नीट ऐकू येत नाही म्हणून मीच आवाज मोठा करून दिला.

"अमित, ऐक. मधे बोलू नकोस. उद्या मला बाबांसारखं झालं आणि डॉक्टरांनी इंजेक्शनचं विचारलं, तर हो म्हणायचं. मी बरी झाले तरी ते मी ठरवलेलं, आणि गेले तरी मी ठरवलेलं. तुझा त्यात काही संबंध नाही. सुनंदा इथे बसलीय, ती ऐकतेय."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

मग अमित म्हणाला, "आई, त्या दिवशी मी तुला म्हणालो, तूच ठरव. मला ठरवायची भीती वाटली गं. मी तुझ्यावर ढकललं. मी नाही म्हणालो असतो तर बाबा आज... रोज मला तेच वाटतं. कुणाला सांगता येत नाही."

काकू एकदम पुढे वाकल्या. फोन जणू तोच समोर बसलाय असा दोन्ही हातांनी धरला.

"अरे वेड्या, तू काय केलंस? तिथे बसून तुला काय दिसणार होतं? तेव्हा जेवढं कळत होतं त्यावरून केलंस ना? त्यांचं बरं व्हावं म्हणूनच केलंस ना? मग त्यात पाप कस..."

आणि काकू तिथेच थांबल्या. तोंड तसंच उघडं राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्या रडल्या. मी आजवर वॉर्डात खूप रडणं ऐकलं आहे, पण असं हंबरडा फोडून, पोटातून येणारं क्वचित.

"आई?" फोनमधून अमित विचारत होता. "आई, काय झालं? ऐकू येतंय का? आई?"

मी काकूंच्या हातातून फोन घेतला आणि त्याला म्हटलं, "ऐकतेय रे आई. रडतेय. तू फोन ठेवू नकोस."